कोपरा सांभाळणारा : कबड्डीतल्या पकडपटूबद्दलचे पाच गैरसमज

भिवंडी तालुक्यातल्या गावात संध्याकाळच्या सरावाला गेलं की लांबून यंत्रमागांची खडखड ऐकू येत असते, गोदामांकडे जाणारे ट्रेलर रस्त्यावर खोळंबलेले असतात आणि मैदानात पोरं पाणी मारून माती बसवत असतात. ‘चढाईला कोण?’ असं विचारलं की सगळे हात वर होतात. ‘कोपऱ्याला कोण?’ म्हटलं की मात्र सगळे एकमेकांकडे बघतात, आणि अंगानं भरलेल्या एखाद्या मुलाला तिथं उभं केलं जातं. पकडपटूवर पहिला अन्याय होतो तो इथंच. त्याच्या कामाबद्दल आपल्याकडे इतके गैरसमज आहेत की चांगले हात आणि चांगली नजर असलेली कितीतरी मुलं चढाईच्या मागे लागून वाया जातात.

गैरसमज १ : पकड म्हणजे ताकदीचं काम

वस्तुस्थिती : वरिष्ठ पुरुष गटात वजनाची मर्यादा ८५ किलो आहे, महिलांसाठी ७५ किलो. त्यामुळे नुसत्या अंगाच्या जोरावर फार पुढं जाता येत नाही. खरा खेळ वेळेचा असतो.

चढाईपटू बोनस घेतो तो क्षण बघा. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर आणि तिच्यापुढं एक मीटरवर बोनस रेषा. बोनस मिळवायचा तर एक पाय त्या रेषेपलीकडं टेकला पाहिजे आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत पाहिजे. म्हणजे तेवढ्या क्षणापुरता तो माणूस एका पायावर उभा असतो. बोनस रेषा आणि अंतिम रेषा यांच्यात उरते जेमतेम पावणेदोन मीटर जागा. तिथं दबून बसलेला कोपरारक्षक त्याच पायाची वाट पाहत असतो. चवडा हाती लागला की ८० किलोचा गडीही खाली येतो. हात अर्धा क्षण आधी गेला तर चढाईपटू पाय मागं खेचून गुण घेऊन परततो. नजर त्याच्या डोळ्यांवर ठेवली की फसलं. ती ठेवायची पायांवर.

गैरसमज २ : गुण चढाईपटू मिळवतो, पकडपटू फक्त अडवतो

वस्तुस्थिती : अमेरिकी फुटबॉलमध्ये साध्या पकडीनं गुणफलक हलत नाही. तरीही फेब्रुवारी २०१६ मध्ये झालेल्या पन्नासाव्या सुपर बोलचा, म्हणजे तिथल्या लीगच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला व्हॉन मिलर हा बचावपटू. कबड्डीत तर प्रत्येक यशस्वी पकडीला थेट गुण आहे. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली तर ती अव्वल पकड, आणि तिला दोन गुण. प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. घाई न करता दोन चढाया रिकाम्या घालवणारा बचावही सामना असा फिरवतो.

बाजारानंही हे मान्य केलं आहे. प्रो कबड्डीच्या २०१८ च्या लिलावात यू मुंबानं इराणच्या फझल अत्राचलीसाठी एक कोटी रुपये मोजले. २०२३ मध्ये पुणेरी पलटणनं पकडपटू मोहम्मदरझा शादलूईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. त्यानं त्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले आणि पलटणनं विजेतेपद पटकावलं.

गैरसमज ३ : एक दादा पकडपटू असला की झालं

वस्तुस्थिती : चढाईपटूला हात लावलेले सगळे, तो निसटला तर, बाद होतात. एकट्यानं घेतलेली उडी फसली आणि मागून दोघं धावले, तर एका चढाईत तीन गुण जातात. म्हणून कोपऱ्यानं पाय धरला की शेजारच्यानं तत्काळ अंगावर यायचं, दुसऱ्या बाजूच्या साखळीनं परतीची वाट बंद करायची. २०१५ मध्ये यू मुंबा विजेता ठरला तेव्हा मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा हे दोन कोपरे आणि मुंबईचा मध्यरक्षक विशाल माने यांची हीच समज संघाच्या कामी आली.

सात जणांचा बचाव काय करू शकतो, हे भारताला २०१८ मध्ये जकार्त्यात कळलं. १९९० पासून आशियाई स्पर्धेतलं प्रत्येक सुवर्ण भारतीय पुरुषांनी जिंकलं होतं. उपांत्य फेरीत इराणनं आपल्याला १८ गुणांवर रोखलं आणि २७-१८ असं हरवलं. त्या भारतीय संघात ठाणे जिल्ह्यातला डावा कोपरारक्षक गिरीश इर्नाकही होता.

गैरसमज ४ : पकडीत सगळं चालतं

वस्तुस्थिती : केस किंवा कपडे धरणं, तोंड दाबणं, पायांची कैची घालणं, मुद्दाम मैदानाबाहेर ढकलणं, हे सगळं नियमबाह्य आहे. हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं मिळालं की दोन मिनिटं बाहेर, लाल मिळालं की त्या सामन्यापुरता खेळ संपला. पिवळ्या कार्डाची दोन मिनिटं सहा जणांनी काढायची असतात, आणि तेवढ्यात सगळा संघ बाद होऊन लोण बसू शकतो.

दुखापतीबद्दलही असाच एक समज आहे : गुडघा सुजला की चोळून घ्यायचा, पट्टी बांधायची आणि रविवारच्या स्पर्धेत उतरायचं. बचावपटूच्या गुडघ्यावर वळताना आणि झेपावताना सगळा भार येतो. आतला अस्थिबंध फाटला असेल तर चोळण्यानं तो जुळत नाही. शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतायला साधारण नऊ महिने लागतात. पण नीट व्यायाम केला तर परतता येतं. डॉक्टरांना न दाखवता खेळत राहिलेल्या मुलाचा गुडघा मात्र कायमचा जाऊ शकतो.

गैरसमज ५ : टीव्हीवरच्या लीगमध्ये निवड झाली तरच करिअर

वस्तुस्थिती : लीग हा वरचा मजला आहे, जिना गावातूनच सुरू होतो. आधी गावचं मंडळ, मग जिल्हा संघटनेची स्पर्धा, त्यातून जिल्ह्याचा आणि पुढं राज्याचा संघ. किशोर गटाला १६ वर्षं आणि ५५ किलो, कुमार गटाला २० वर्षं आणि ७० किलो अशी मर्यादा. रेल्वे, पोलीस, भारत पेट्रोलियम अशा संघांनी कबड्डीपटूंना वर्षानुवर्षं नोकऱ्या दिल्या आहेत. महाराष्ट्राच्या शासकीय सेवेत पात्र खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धांची प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून जपून ठेवावी लागतात, आणि ही गोष्ट घरच्यांनी मनावर घ्यायला हवी.

मातीत शिकलेला बचाव मॅटवर तसाच चालत नाही, हेही मुलांना लवकर सांगायला हवं. मॅटवर बूट घट्ट पकडतात, चढाईपटू झटक्यात वळतो, घसरून पाय धरायची मातीतली सवय तिथं महागात पडते. आठवड्यातून दोन दिवस मॅट मिळाला तरी फरक दिसतो. तोवर कोपऱ्यात उभ्या केलेल्या मुलाला निदान एवढं तरी सांगावं, की त्याला तिथं अंगामुळं नाही, नजरेमुळं उभं केलं आहे. आणि त्याचं वजन दर आठवड्याला नोंदवावं, कारण निवड चाचणीच्या सकाळी आधी वजनकाट्यावर उभं राहावं लागतं, मग मैदानात.