डोळे पेटणारा खोका

१९८९ साली अमेरिकेत ‘द डेड पिट’ नावाचा भयपट व्हिडिओ कॅसेटवर आला. सिनेमा यथातथाच. पण ती कॅसेट ज्या खोक्यात यायची, त्यावरचं मुडद्याचं चित्र उठावाचं होतं आणि खोका ठरावीक जागी दाबला की त्या मुडद्याचे डोळे हिरवे पेटायचे. आत एक चिमुकला सेल आणि दोन दिवे, बस्स. पुढे ‘फ्रँकनहूकर’ नावाच्या दुसऱ्या एका भयपटाच्या खोक्याला बटण आलं. ते दाबलं की खोका चक्क गिऱ्हाइकाशी बोलायचा. शनिवारी संध्याकाळी दुकानात शिरलेली पोरं ते बटण किती वेळा दाबत असतील आणि गल्ल्यावरचा माणूस किती वेळा कपाळाला हात लावत असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

 

सिनेमाला घरी न्यायचं वेष्टन ही कल्पनाच तशी नवी. १९७७ साली मिशिगनमधल्या मॅग्नेटिक व्हिडिओ या कंपनीच्या आंद्रे ब्ले यांनी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडून पन्नास चित्रपटांचे हक्क घेतले आणि ते कॅसेटवर विकायला काढले. तोवर सिनेमाची जाहिरात म्हणजे थिएटरबाहेरचं पोस्टर. अमेरिकेत ते २७ इंच रुंद आणि सुमारे ४० इंच उंच असायचं, रस्त्यापलीकडून दिसावं म्हणून. आता तोच सिनेमा जेमतेम साडेसात इंच उंच आणि चार इंच रुंद खोक्यावर मावायला हवा होता. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर चित्र पस्तीस-छत्तीस पटीने आक्रसलं. मोठ्या पोस्टरवर शोभणारं सूर्यास्ताचं माळरान या मापात नुसता तपकिरी डाग होतं. माणसाचा चेहरा मात्र कितीही लहान केला तरी चेहराच राहतो. खोक्यांवर चेहऱ्यांची गर्दी झाली ती अशी. आजही अनेक डीव्हीडींवर धडाशिवायची मुंडकी आभाळात तरंगताना दिसतात.

त्यात करारांची भानगड. कोणाचं नाव किती मोठं, कोणाचं डावीकडे, एकाचा चेहरा छापला तर दुसऱ्याचाही तेवढाच छापायचा, हे हॉलिवूडमध्ये वकील ठरवतात. पोस्टरच्या तळाशी नावांची जी उंच, बारीक, दाटीवाटीने उभी असलेली अक्षरं दिसतात, त्यांचं कारणही हेच: अक्षराची उंची शीर्षकाच्या प्रमाणात करारात बांधलेली असते, रुंदीबद्दल सहसा कोणी बोलत नाही. मग चित्रकार उंची पाळतो आणि रुंदी पिळतो. काही खोक्यांवर एका नटाचं नाव दुसऱ्याच्या डोक्यावर येतं, तेही यातूनच. नावांचा क्रम एका कलमाने ठरलेला, चेहऱ्यांचा दुसऱ्या.

त्या काळात खोका मुळात प्रेक्षकाला विकायचा नसे. भाड्याने देण्यासाठी काढलेल्या नव्या सिनेमाची एक कॅसेट अमेरिकेत ऐंशी-नव्वद डॉलरला पडे. घरोघरी कोणी ती घेणार नाही, घेणार दुकानदार. त्याच्याकडे महिन्याला ढिगाने नवे सिनेमे येणार, तो सगळे पाहणार थोडाच? तो खोका पाहून ठरवी. आणि अनेक दुकानांत मांडणीवर असे तो नुसता खोका, रिकामा. कॅसेट गल्ल्यामागे साध्या डबीत. म्हणजे गिऱ्हाईक हातात घेऊन उलटंपालटं करत होतं ती वस्तू संपूर्णपणे आश्वासन होती, आत काहीच नव्हतं. हे ज्याला नेमकं कळलं, त्या चार्ल्स बँड या निर्मात्याच्या कंपनीत अनेकदा आधी चित्र तयार होई, मग त्याच्यावर पैसे उभे राहत आणि मग कथा लिहिली जाई. त्यांच्या ‘घूलीज’च्या खोक्यावर संडासाच्या भांड्यातून डोकं काढणारं एक हिरवं ध्यान होतं. त्या काळात वाढलेल्या अमेरिकन माणसाला सिनेमातलं एकही दृश्य आठवत नसेल, पण ते भांडं आठवतं.

ब्रिटनमध्ये मात्र खोक्यांनी कायदा घडवला. तिकडे कॅसेट पुस्तकासारख्या उघडणाऱ्या प्लास्टिकच्या पेटीत येई आणि पारदर्शक आवरणाखाली छापील कागद सरकवलेला असे. सुरुवातीला व्हिडिओला सेन्सॉर नव्हता, त्यामुळे किरकोळ कंपन्या वाटेल ते छापत. १९८२ मध्ये ‘द ड्रिलर किलर’च्या जाहिराती आणि खोका यांच्यावर एका माणसाच्या कपाळात ड्रिल घुसतानाचं चित्र होतं. तक्रारी झाल्या, वर्तमानपत्रांनी रान उठवलं, पोलिसांनी दुकानांवर छापे घातले. सरकारी वकिलांच्या यादीत एकूण ७२ सिनेमे चढले आणि १९८४ मध्ये व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज अ‍ॅक्ट आला. त्यानंतर कॅसेटवरच्या सिनेमांना प्रमाणपत्र सक्तीचं झालं. गंमत अशी की दिग्दर्शक एबल फेराराचा तो सिनेमा प्रत्यक्षात न्यूयॉर्कमधल्या एका कंगाल चित्रकाराची बरीचशी संथ, कोंदट गोष्ट आहे. खोका पाहून घाबरलेल्यांपैकी किती जणांनी तो पाहिला असेल, देव जाणे. पुढे २००२ साली तो एकही कात्री न लागता पास झाला.

डिस्नेची पांढरी, गुबगुबीत पेटी या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला. तीही सुटली नाही. ‘द लिटिल मर्मेड’च्या कॅसेटवरच्या राजवाड्याचा एक मनोरा लोकांना भलत्याच अवयवासारखा दिसला. मुद्दाम केलेलं नाही, असं स्पष्टीकरण आलं आणि पुढच्या आवृत्त्यांतून मनोरा गायब झाला.

आपल्याकडे खोक्याचा हा थाट फारसा झालाच नाही. मुंबईत शेमारू हे १९६२ साली सुरू झालेलं पुस्तकांचं वाचनालय. १९७९ मध्ये त्यांनी व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायला सुरुवात केली. वाचनालयातून व्हिडिओ लायब्ररी निघावी, हे मला फार मराठी-गुजराती मुंबईचं वाटतं. पण वाचनालयाची एक सवयही सोबत आली असावी. आपली वाचनालयं नवं पुस्तक आलं की बाइंडिंगला पाठवतात आणि ते परत येतं तेव्हा मुखपृष्ठ गेलेलं, वर करडा पुठ्ठा आणि कण्यावर क्रमांक. आमच्या पेठेतल्या व्हिडिओ लायब्ररीतही सगळ्या कॅसेट एकसारख्या काळ्या डब्यांत होत्या. स्केचपेनने लिहिलेला नंबर आणि मळकं रजिस्टर. नाव वाचून सिनेमा निवडायचा, किंवा काऊंटरवरच्या काकांना विचारायचं, ‘‘घरच्यांबरोबर बघण्यासारखा आहे ना?’’ काका मान हलवत. ती मान हेच आमचं वेष्टन.

चित्र आलं ते व्हीसीडीबरोबर. एका तबकडीवर सव्वा तासाच्या आसपास सिनेमा मावे, म्हणून मध्यंतरानंतर उठून दुसरी घालायची. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, तेव्हा लढाई चोरट्या प्रतींशी होती. त्या किमतीत वेष्टनावर कितीसा खर्च होणार? मराठी सिनेमांच्या व्हीसीडींवरही तेच: नटांचे कापून चिकटवलेले चेहरे, पिवळं किंवा लाल ठळक शीर्षक, मागे दोन फोटो. कण्यावर देवनागरी अक्षरं आडवी पाडलेली, कारण आपली शिरोरेघ एकाखाली एक अक्षर सहजी उभं राहू देत नाही. मी त्या व्हीसीडींना नावं ठेवत नाही. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं पाहून दिवाळी अंक उचलणाऱ्या मुलखात सिनेमाच्या वेष्टनाला चित्रकार का मिळाला नाही, हा प्रश्न मात्र पडतो.

ज्यांनी तो मिळवला त्यांच्याकडे वळतो. अमेरिकेतली क्रायटेरियन कलेक्शन ही कंपनी १९८४ मध्ये ‘सिटिझन केन’ आणि ‘किंग काँग’ या दोन लेझरडिस्कनी सुरू झाली. लेझरडिस्क बारा इंची, ग्रामोफोनच्या एलपीएवढी. वेष्टनाला ऐसपैस चौरस जागा. १९९८ मध्ये ते डीव्हीडीवर आले. डीव्हीडीची पेटी व्हिडिओ कॅसेटच्या खोक्याच्या जवळपास उंचीची, दुकानांच्या जुन्या मांडण्यांत बसेल अशी. मध्ये १४ मिलिमीटरचा कणा. क्रायटेरियनने त्या कण्यावर क्रमांक घातला. क्रमांक एक ‘ग्रँड इल्यूजन’ला दिला, पण त्याची चांगली मूळ फिल्म हाती लागली, काम लांबलं आणि तो १९९९ मध्ये आला. दरम्यान क्रमांक दोन, ‘सेव्हन सामुराय’, आधीच दुकानात पोहोचला होता. म्हणजे पहिल्या ग्राहकांच्या कपाटात मालिका सुरू झाली तीच एका रिकाम्या जागेने. क्रमांक असला की माणूस मधल्या फटी बुजवू लागतो. दिवाळी अंकांचे संच जपणाऱ्यांना हे सांगायला नको. क्रमांक हजार २०१९ मध्ये आला: गॉडझिलाचे पंधरा जपानी सिनेमे एका जाड पुस्तकवजा पेटीत, आणि चित्रं अनेक वेगवेगळ्या चित्रकारांची.

इथे खोक्याने पाठ फिरवली. भाड्याच्या दुकानातला खोका अनोळखी माणसाला हाका मारत होता. क्रायटेरियनचा खोका ज्याने सिनेमा पाहिला आहे, निदान त्याचं नाव ऐकलं आहे, त्याच्याशी बोलतो. म्हणून त्यावर नटांची मुंडकी नसली तरी चालतं. सॅम्युएल फुलरच्या ‘शॉक कॉरिडॉर’साठी त्यांनी कॉमिक्सकार डॅनियल क्लाउजकडून चित्र काढून घेतलं, ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’साठी शॉन फिलिप्सकडून. जपानी ‘हाउस’वर सॅम स्मिथने फक्त आ वासलेल्या मांजराचं तोंड ठेवलं आणि ते इतकं गाजलं की पुढे ते टीशर्टवर फिरू लागलं. सिनेमा पाहिल्यावर कळतं की त्या वेड्या गोष्टीचं दुसरं चित्र होऊच शकत नाही. कधीकधी मात्र ही सगळी मंडळी इतकी अभिरुचीसंपन्न होतात की सिनेमातला घाम पुसला जातो. फुलरला टिंगलखोर चित्रकार मानवतो. सगळ्यांनाच मानवेल असं नाही.

सत्यजित राय यांच्या सिनेमांना हात लावताना तर चित्रकाराचा हात थरथरत असणार. राय मूळचे याच धंद्यातले. कलकत्त्यात जाहिरात कंपनीत नोकरी आणि सिग्नेट प्रेससाठी मुखपृष्ठं. ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं काढता काढता त्यांना त्या कादंबरीत सिनेमा दिसला. म्हणजे भारतीय सिनेमातली एक थोर गोष्ट पुस्तकाच्या वेष्टनातून निघाली. पुढे ते स्वतःच्या सिनेमांची पोस्टरंही स्वतः करत आणि अक्षरं स्वतः काढत. ‘पथेर पांचाली’पासून सुरू होणाऱ्या, अपूच्या गोष्टीच्या तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळल्या. जे उरलं ते पुढे बोलोन्यात फ्रेम-फ्रेम करून सावरलं गेलं आणि क्रायटेरियनने २०१५ मध्ये तिन्ही सिनेमे एका संचात काढले.

आता मांडणीच उरली नाही. नेटफ्लिक्सने डीव्हीडी टपालाने पाठवायला सुरुवात केली तेव्हाच खोका काढून टाकला होता. तबकडी पाकिटात, पाकीट पुढे लाल लिफाफ्यात. तो धंदा २९ सप्टेंबर २०२३ ला बंद झाला. पडद्यावरचं नखाएवढं चित्र मात्र आता बघणाऱ्यागणिक बदलतं. कंपनीनेच दिलेलं उदाहरण असं: ‘गुड विल हंटिंग’ हा एकच सिनेमा प्रेमकथा बघणाऱ्याला चुंबनाच्या चित्राने दाखवायचा आणि विनोदी सिनेमे बघणाऱ्याला रॉबिन विल्यम्सच्या चेहऱ्याने. पेठेतले काकाही माणूस बघूनच मान हलवत. पण मान कोणाची ते आम्हाला ठाऊक होतं.

जुन्या खोक्यांचा बाजार तेजीत आहे. ‘द डेड पिट’ आजही ऑनलाइन लिलावात येतो. विकणारा ठळक अक्षरांत लिहितो की डोळे अजून पेटतात, आणि त्यावर किंमत चढते. आतली टेप चालते का, हे फारसं कोणी विचारत नाही.