इन्शुलिन, अमिनो आम्लें आणि स्नायू

हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांत लोणच्याच्या बरणीशेजारीं प्रथिनांच्या चूर्णाचा डबा दिसूं लागला आहे. तरुण मुलें व्यायाम करून आलीं कीं तें चूर्ण पाण्यांत कालवून घेतात. कांहीं जण त्यांत ग्लुकोजही मिसळतात. ‘साखरेनें इन्शुलिन वाढतें, आणि इन्शुलिन अमिनो आम्लें स्नायूंत पोंचवितें,’ असें तीं आम्हां वृद्धांस समजावितात. या म्हणण्यांत तथ्य किती, तें पाहूं.

प्रथिन वरणांतलें असो वा डब्यांतलें, पचनानंतर त्याचीं अमिनो आम्लें होऊन रक्तांत उतरतात. तेथून स्नायूंच्या पेशींत शिरावयास पेशींच्या आवरणावर वाहक असतात. इन्शुलिनची प्रेरणा मिळतांच यांपैकीं कांहीं वाहक अधिक संख्येनें आवरणावर येतात. ‘हॉर्मोन’ हा शब्द स्टार्लिंग यांनीं १९०५ सालीं ‘चालना देणें’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून रूढ केला. आपल्या ‘संप्रेरक’ शब्दांतील ‘ईर्’ धातूचा अर्थही तोच. शब्द योजणाऱ्याचें आम्हांस कौतुक वाटतें.

तेव्हां मुलें सांगतात तें अगदींच खोटें नव्हे. परंतु प्रौढ माणसांत इन्शुलिनचें मुख्य कार्य स्नायूंची झीज थांबविण्याचें आहे. नवी बांधणी व्हावयाची तर रक्तांत अमिनो आम्लेंच हवींत. गवंडी आला पण विटा नाहींत, अशा स्थितींत भिंत उठत नाहीं. शिवाय प्रथिन स्वतःच, विशेषतः त्यांतील ल्युसिन, स्वादुपिंडास जागें करतें, आणि तेवढें इन्शुलिन पुरतें. पुरेशा प्रथिनावर आणखी साखर दिल्यानें बांधणी वाढत नाहीं, असें या शतकांतील प्रयोगांत आढळलें आहे. ग्लुकोजचा खर्च तेवढा व्यर्थ.

याच्या उलट कॉर्टिसॉलचें काम. उपासांत व दुखण्यांत तें स्नायू मोडून त्यांतील अमिनो आम्लें यकृताकडे धाडतें, व तेथें त्यांची साखर होते.

वार्धक्यांत निराळी अडचण येते. इन्शुलिनमुळें स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, तो गुण मंदावतो; तितक्याच प्रथिनानें तितकी बांधणी होत नाहीं. चालण्याच्या व्यायामानें हें पुष्कळ सुधारतें. असें असतां घरोघरीं रात्रीं नातवास दूध-उसळ आणि आजोबांस नुसती पेज! आमच्या मतें डबा आणावयाचाच, तर त्यावर पहिला हक्क आजोबांचा. मात्र मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांस विचारल्यावांचून नव्हे.

आतां एक भयंकर गोष्ट. शरीर कमावण्याच्या नादांत कांहीं तरुण इन्शुलिन टोंचूनच घेतात. १९२१ सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं तें वेगळें काढलें, तें मधुमेह्यांस वांचविलें. निरोगी माणसांत त्यानेंच रक्तांतील साखर इतकी उतरते कीं मेंदूचें पोषण तुटून प्राणही जातो. मुलास एकाएकीं घाम, कंप, बडबड सुरू झाली व तो शुद्धीवर असला, तर साखरेचें पाणी ताबडतोब द्यावें. शुद्ध गेली असल्यास तोंडांत कांहींएक घालूं नये. कुशीवर निजवून तत्काळ रुग्णालयांत न्यावें, आणि त्यानें काय टोंचून घेतलें तें डॉक्टरांपासून लपवूं नये.