इसार, ऐरण आणि आठ आठवडे

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्या कुणालाही विचारा, तुझं हत्यार आलं कुठून? बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं: लुटीतून. थडग्यात सापडलेली तलवार, ड्रॅगनच्या ढिगातला परशू, डाकूंच्या सरदाराच्या कमरेचा खंजीर. लूट मिळाल्याचा आनंद असतोच, पण ते हत्यार दुसऱ्याच कुणाच्या हातासाठी घडलेलं असतं. खेळाडू लोहाराकडे जाऊन ‘मला असं असं हवंय’ म्हणतो, तेव्हा आपलं पात्र कोण आहे, कुणाशी लढणार आहे आणि त्यासाठी काय सोडायला तयार आहे, याचा विचार त्याला करावा लागतो. या खेळातला हा फार श्रीमंत प्रसंग आहे. तो दोन वाक्यांत उरकला जातो याची मला मनापासून हळहळ वाटते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्या पहिल्या छोट्या पुस्तिकांतही जादूच्या वस्तू करून घेण्याची सोय होती. अकराव्या पातळीचा जादूगार वीस बाण मंतरून देई, त्याला १,००० सोन्याची नाणी आणि चार आठवडे लागत. चिलखतावर +१ ची, म्हणजे एका अंकाने सरस करणारी, जादू चढवायला २,००० नाणी आणि दोन महिने. म्हणजे किंमत आणि मुदत या दोन गोष्टी पहिल्यापासून शेजारी शेजारी लिहिलेल्या आहेत. लोहार मात्र त्या पानावर कुठेच दिसत नाही.

त्याला खरी जागा मिळाली २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत. साधी लांब तलवार १५ नाण्यांची. तीच उत्तम कारागिरीची हवी असेल तर वर ३०० नाणी. काम किती दिवसांत होईल, हे ठरवायला लोहाराच्या नावाने वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि त्यात त्याचं कौशल्य मिळवायचं. समजा बेरीज २० आली. साध्या तलवारीच्या कामाची कठिणाई १५. दोन्हींचा गुणाकार ३००, म्हणजे आठवड्याला ३०० चांदीच्या नाण्यांइतकं काम. तलवार १५ सोन्याची म्हणजे १५० चांदीची, तेव्हा ती अर्ध्या आठवड्यात तयार. पण उत्तम कारागिरीची कठिणाई २० आणि तेवढ्या भागाची किंमत ३,००० चांदी. वीस गुणिले वीस चारशे, म्हणून त्याला साडेसात आठवडे. एकूण आठ आठवडे, तेही दर आठवड्याला फासा असाच पडला तर. बेरीज थोडक्यात हुकली तर तो आठवडा वाया जातो. पाच किंवा जास्त अंकांनी हुकली तर निम्मा कच्चा माल खराब होतो आणि पुन्हा घ्यावा लागतो. बुटक्या ड्वार्फ जमातीच्या लोहाराला धातूकामात दोन अंक जास्त मिळतात, म्हणून जाणते खेळाडू त्यालाच शोधत गावोगाव फिरतात.

आता जादू. या आवृत्तीत जादू चढवण्याआधी तलवार उत्तम कारागिरीची असावीच लागते. तिच्यावर +१ चढवायला वेळ लागतो फक्त दोन दिवस! घण मारणाऱ्याचे आठ आठवडे आणि मंत्र म्हणणाऱ्याचे दोन दिवस, हा हिशोब मला अतिशय आवडतो. साधं, जड, घामाचं काम आधी नीट झालं नाही तर मंत्राला टेकायला जागाच नाही, हे नियम कुठलंही भाषण न करता सांगून जातो. करणाऱ्याला आणखी एक मोल द्यावं लागे. +१ च्या तलवारीमागे त्याच्या स्वतःच्या अनुभवातले ८० गुण कायमचे खर्ची पडत. तिलाच ज्वाळा हव्या असतील तर ३२० गुण आणि आठ दिवस. ‘पैसे देतो, करून दे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला लोहाराचा जादूगार जोडीदार ‘का करू?’ असं विचारू शकतो, कारण तो आपल्या आयुष्याचा तुकडा त्या पात्यात घालणार असतो.

चांगला डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, या ‘का’पाशी थांबतो. लोहार विचारतो, कुणाशी गाठ आहे? २००३ च्या सुधारित नियमांत या प्रश्नाला वजन आलं. लांडगा-माणसाला चांदीचं पातं हवं. एकहाती हत्याराला चांदी चढवायचे ९० नाणी, पण घाव किंचित हलका बसतो. राक्षसांसाठी जमिनीच्या पोटातून काढलेलं, कमी आचेवर घडवलेलं ‘थंड लोखंड’. त्याची किंमत दुप्पट, आणि त्यावर जादू चढवायला २,००० नाणी जादा, कारण ते मंत्राला सहज वश होत नाही. दगडाच्या वा लोखंडाच्या चालत्या पुतळ्यांसमोर अॅडमंटाइन हा अतिकठीण धातू. सगळं एकाच पात्यात बसत नाही. निवड करावी लागते आणि निवडीत पात्र उघडं होतं.

संगणकावर हा प्रसंग सर्वांत देखणा उतरला तो बायोवेअरच्या ‘बाल्डर्स गेट २’मध्ये, २००० साली. अथकाटला शहराच्या बंदरावर क्रॉमवेल नावाचा ड्वार्फ लोहार राहतो. त्याच्याकडे तयार माल घेण्यासाठी जायचं नसतं. तुम्ही जगभरातून गोळा केलेले सुटे भाग त्याच्यापुढे ठेवायचे: ड्रॅगनचे खवले, धनुष्याचा दांडा आणि त्याची दोरी, तलवारीचं पातं आणि मूठ. सोनाराकडे आजीचे तोडे मोडायला द्यावेत, तशी घालमेल इथे होते. क्रॉम फेअर हा प्रसिद्ध हातोडा हवा असेल तर विजेचा हातोडा, ओगरच्या बळाचे हातमोजे आणि राक्षसी ताकदीचा कंबरपट्टा या तीन उत्तम वस्तू द्याव्या लागतात. त्या वापरणारे सोबती मग रिकाम्या हातांनी उभे. आणि गिथयांकी लोकांची चांदीची तलवार जोडून घेतली, की तिचे मूळ मालक ती परत मागायला येतात.

हातोडा, हातमोजे, कंबरपट्टा हे त्रिकूट थेट नॉर्स देव थोरचं. तेराव्या शतकात आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने लिहून ठेवलेल्या कथेत ड्वार्फ भाऊ पैजेवर थोरचा हातोडा घडवतात. एक भट्टीपाशी, दुसरा ब्रोक भात्यावर. काम बिघडावं म्हणून कपटी देव लोकी माशी होऊन ब्रोकच्या पापणीला चावतो. रक्त डोळ्यांत उतरतं, माशी हाकलायला हात क्षणभर सुटतो, आणि हातोड्याचा दांडा आखूड राहतो. तरीही देव त्यालाच सर्वश्रेष्ठ ठरवतात. खेळात लोहाराचा फासा हुकला तर माल फेकून देण्याऐवजी असा आखूड दांडा का देऊ नये? हत्यार पुरं होईल, पण त्याला खोड राहील. खेळाडू अशी हत्यारं वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

पाचव्या आवृत्तीने २०१४ मध्ये मुदतीचं गणित बिघडवलं. दिवसाला २५ नाण्यांचं काम, आणि दंतकथेच्या तोलामोलाच्या वस्तूला पाच लाख नाणी. एकट्या कारागिराला वीस हजार दिवस, म्हणजे जवळजवळ पंचावन्न वर्षं! २०१७ च्या ‘झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग’ने ते सावरलं: तशा वस्तूला पन्नास आठवडे आणि एक लाख, दुर्मीळ वस्तूला दहा आठवडे आणि २,०००. शिवाय कृतीचा कागद हवा, आणि एखाद्या तगड्या प्राण्याशी सामना करून मिळवावी लागेल अशी एक सामग्रीही. ही शेवटची अट सोन्याहून मोलाची आहे. ज्वाळांची तलवार दुर्मीळ गटात येते, आणि तिच्यासाठी लागणाऱ्या सामग्रीच्या वाटेवर अग्निदैत्य चपखल बसतो, जो स्वतः नाणावलेला लोहार आहे.

मी खेळ चालवते तेव्हा निम्मा इसार आधी घेते, सामग्रीची मोहीम मधे घालते, आणि त्या दहा आठवड्यांत पात्राला जुनंच हत्यार वापरायला लावते. आमच्या टेबलावर भट्टीचा धूर दर सत्रात एकदा तरी दिसतो: कधी लोहाराची मुलगी माप घ्यायला येते, कधी कोळसा संपल्याचा निरोप. मुठीवर चामडं कुठलं लावायचं, यावर खेळाडू अर्धा तास वाद घालतात. तो वाद मी तोडत नाही.