संगणकाला आलेला ताप

वैशाख अर्धा उलटला की खानदेशातील दुपार माणसांची राहत नाही. एरंडोलच्या पेठेत दुकानांवर कापडी पडदे ओढले जातात, अंजनी नदीच्या पात्रातील वाळू पायांना चटके देऊ लागते, आणि महामार्गावरून धावणाऱ्या मोटारींखेरीज कोठे फारशी हालचाल दिसत नाही. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातील पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढला, तरी येथील लोकांना त्याचे नवल वाटत नाही. गुरे सावलीला बांधली जातात, माणसे माजघरात आडवी होतात. परंतु ज्या यंत्रांना विश्रांती देता येत नाही, त्यांचे काय होत असेल? अशा गावी, अशा एका दुपारी, एका घराच्या माडीवर काय घडले असेल, ते डोळ्यांसमोर आणून पाहा.

त्या घरातील थोरली मुलगी लग्नसमारंभाच्या चित्रफिती जोडून देण्याचे काम करीत असे. हे काम लग्नसराईतच मिळते. वर्षाच्या कमाईचा मोठा भाग त्या दोन-तीन महिन्यांतच हाती येतो. माडीवर पत्र्याच्या छपराखाली तिचा संगणक होता. त्यात चित्रे हाताळण्यासाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसविलेले होते. त्या कार्डाची किंमत फेडण्यास मागील सबंध हंगाम खर्ची पडला होता. आणि नेमक्या याच आठवड्यात हा संगणक अडू लागला. सकाळी तो मुकाट्याने काम करी. बाराच्या सुमारास त्याचे पंखे घोंगावू लागत, पडद्यावरील चित्र अडखळत चाले, अर्ध्या तासाचे काम दीड तास रेंगाळे; आणि दोन वेळा तर पडदा काळा होऊन यंत्र आपोआप बंद पडले. चित्रफीत चार दिवसांत द्यावयाची होती.

शेजारच्या एका दुकानदाराने दुरूनच सांगितले, "कार्ड गेलं. नवीन घ्या." आठवीत शिकणाऱ्या धाकट्या भावाला वाटले, संगणकात एखादा विषाणू शिरला असावा, सगळे पुसून पुन्हा भरावे. दोघांचेही म्हणणे खोटे ठरलेच असते असे नाही. परंतु दोघांनीही यंत्राकडे न पाहता निदान केले होते.

मुलांचे वडील जवळच्या एका जिनिंग कारखान्यात यंत्रे दुरुस्त करीत. संगणकाचे शिक्षण त्यांना नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, "सकाळी चालतो आणि दुपारीच अडतो ना? मग कार्ड मेलेलं नाही. मेलेलं यंत्र वेळ पाहून मरत नाही." जिनिंगमध्ये सरकीपासून कापूस वेगळा करताना हवेत तंतू उडतात. ते विजेच्या मोटारीवर बसून थर जमला की मोटार तापते, आणि नवशिका कामगार मोटार जळाली म्हणून ओरडतो. असे प्रसंग त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

येथे थोडे थांबून कार्ड तापते का, हे पाहिले पाहिजे. संगणकाच्या पडद्यावरील चित्र लक्षावधी ठिपक्यांचे बनलेले असते, आणि हलत्या चित्रात हे ठिपके सेकंदाला अनेक वेळा नव्याने रंगवावे लागतात. हे काम करणारी चकती सिलिकॉनची असून आकाराने पोस्टाच्या तिकिटापेक्षा फार मोठी नसते. पण तिच्यात अब्जावधी सूक्ष्म कळा असतात. या कळांची उघडझाप होताना जी वीज खर्च होते, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेतच रूपांतरित होते. कार्ड १५० वॅट वीज घेत असेल, तर पूर्वीच्या काळी घरोघरी दिसणाऱ्या १०० वॅटच्या दीड दिव्याइतकी उष्णता त्या इवल्याशा जागेत व तिच्या आसपास निर्माण होते. कपड्यांच्या इस्त्रीला याहून कितीतरी अधिक वीज लागते हे खरे. पण तिचा तळ मोठा असल्याने उष्णता पसरते. येथे ती पसरावयास जागाच नाही.

म्हणून त्या चकतीवर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवितात आणि त्याला अनेक पातळ पत्रे जोडतात. तांब्यातून उष्णता वेगाने वाहते; हवेच्या मानाने सुमारे पंधरा हजार पटींनी अधिक सहज. पत्र्यांमुळे हवेला स्पर्श होणारा पृष्ठभाग वाढतो, आणि पंखा त्यांच्यामधून वारा खेळवितो. वारा उष्णता घेऊन बाहेर पडला पाहिजे. तो आतल्या आतच फिरत राहिला तर उपयोग नाही. आता या पत्र्यांमध्ये धूळ आणि कापसाचे तंतू साठले तर काय होईल? थंडीत आपण गोधडी पांघरतो, ती स्वतः ऊब निर्माण करीत नाही. तिच्या थरांत अडकलेली हवा अंगची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. संगणकाने मे महिन्यात गोधडी पांघरावी, तसा हा प्रकार!

तापमान फार चढले की चकती स्वतःच आपला वेग कमी करते. बहुतेक कार्डांच्या बाबतीत ही मर्यादा ८० ते ९५ अंश सेल्सियसच्या दरम्यान ठरविलेली असते. वेग कमी झाला की वीज कमी लागते आणि उष्णताही कमी निघते. तेवढ्यानेही भागले नाही, तर यंत्र बंद पडते. म्हणजे ज्याला त्या घरची मंडळी बिघाड समजत होती, तो यंत्राचा स्वतःला वाचविण्याचा प्रयत्न होता.

वडिलांच्या सांगण्यावरून भावाने भिंतीवर साधा तापमापक टांगला. कार्डाचे तापमान तर संगणक स्वतःच पडद्यावर दाखवू शकतो. चित्रफितीचा एकच ठरावीक भाग दर वेळी अर्धा तास चालवून दोन्ही आकडे वहीत लिहावयाचे, असे ठरले. सकाळी सहाला खोली ३० अंश, कार्ड ७४. अकराला खोली ३७, कार्ड ८१. दुपारी दोनला खोली ४२. कार्ड मात्र ८४ वर घुटमळत राहिले आणि काम मंदावले. मुलाने वजाबाकी केली. पहिल्या दोन्ही वेळा फरक ४४ अंशांचा होता. त्या हिशेबाने दुपारी कार्ड ८६ वर जावयास हवे होते. परंतु तेथे पोहोचण्याआधीच त्याने आपला वेग आवरला होता.

ही वजाबाकी फार महत्त्वाची आहे. पंख्याने वारा घालून कोणतीही वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा थंड करता येत नाही. फार तर ती हवेच्या जवळ आणता येते. काम तेच आणि वाराही तोच असेल, तर कार्ड आणि खोली यांच्यातील अंतर जवळपास कायम राहते. खोली बारा अंशांनी तापली की कार्डही तितकेच वर सरकते. महाबळेश्वरी जे यंत्र वर्षानुवर्षे तक्रार करणार नाही, तेच एरंडोलास आणले तर मे महिन्यात कुरकुरू लागेल. तेव्हा उपाय दोनच उरतात: अंतर कमी करणे, किंवा खोलीच थंड राखणे.

बहिणीला घाई होती. "आबा, पेटी पुसू, जागा बदलू, कूलर लावू, सगळं एकदमच करून टाकू," ती म्हणाली. वडिलांनी नकार दिला. एकदम चार गोष्टी बदलल्या तर गुण कशाने आला ते कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा चारही कराव्या लागतील. घाईच्या दिवसांतही त्यांनी हा हट्ट सोडला नाही.

प्रथम पेटीची एक बाजू उघडून तेच काम चालविले. कार्ड पाच अंशांनी उतरले. याचा अर्थ, आतील तापलेल्या हवेला नीट वाट मिळत नव्हती. मुलाला वाटले, आता बाजू उघडीच ठेवावी. परंतु उघड्या पेटीत धूळ अधिक शिरते; शिवाय पुढून आत आणि मागून बाहेर हा वाऱ्याचा आखलेला मार्गही मोडतो. तपासणीपुरती ही युक्ती ठीक. तिला उपाय म्हणता येत नाही.

मग संगणक बंद करून विजेची पिनही काढली. पेटी निवेपर्यंत थांबून, अंगावरील स्थिर वीज निघून जावी म्हणून पेटीच्या धातूला हात लावून, कार्ड अलगद बाहेर काढले. पत्र्यांच्या मधोमध करड्या रंगाचा लोकरीसारखा थर बसला होता. मऊ ब्रशाने आणि लहान ब्लोअरने तो काढला. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा लागतो. नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून खराब होण्याचा संभव असतो. विजेचा पुरवठा करणारा बंद डबा मात्र कोणी उघडला नाही. पिन काढल्यावरही त्यात धोकादायक वीज शिल्लक असू शकते, तेव्हा मुलांनी तर त्याच्या वाटेला जाऊच नये.

दुसऱ्या दिवशीची वही बोलकी होती. सकाळी खोली ३०, कार्ड ६६. फरक ४४ वरून ३६ वर आला होता. दुपारी खोली ४२ असताना कार्ड ७८ वर स्थिरावले आणि काम कोठेही अडले नाही. नवे कार्ड घेण्याची गोष्ट तेथेच मागे पडली.

तरीही ७८ हा आकडा वडिलांना रुचला नाही. लाटेच्या दिवसांत खोली आणखी तीन-चार अंश चढली असती. चकती आणि ठोकळा यांच्यामधील पेस्ट वाळली असेल, तर ती बदलून आणखी काही अंश मिळविता येतात. पण ते काम जाणत्या कारागिराचे, आणि हमीची मुदत असताना स्वतः करण्याचे नव्हे. ओल्या फडक्याने किंवा बर्फाने यंत्र निववू पाहणे तर शुद्ध वेडेपणाच. खानदेशच्या कोरड्या हवेत पाण्याचा कूलर खोली छान थंड करतो हे खरे. मात्र त्याचा झोत यंत्रावर सोडला तर पाण्याचे तुषार आत जाण्याची भीती असते.

वाटेल तितका खर्च करावयाची तयारी असेल तर याहून मोठे उपाय आहेत. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्याच परंपरेतील 'परम ब्रह्म' हा महासंगणक २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर संस्थेत उभारण्यात आला. त्याच्या चकत्यांची उष्णता नळ्यांतून वाहणाऱ्या द्रवाने काढून घेतली जाते. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजारपट उष्णता सामावून घेऊ शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही खटपट का करतात ते कळेल.

एरंडोलच्या त्या घरात एवढ्याची जरुरी नव्हती. घराचा खालचा भाग जुना, धाब्याचा होता. जाड मातीच्या भिंतींचा. आजीच्या माजघरात दुपारीही तापमापक ३५ वर राही. आजी प्रथम तयार नव्हती. "माझ्या उशाशी ते भणभण करणार का?" असे तिने विचारले. पण नातीची अडचण कळताच तिने आपली खाट कोपऱ्यात सरकविली. मेज भिंतीपासून वीतभर दूर ठेवून संगणक त्यावर मांडला. मागील बाजू मोकळी झाल्याने फरकही आणखी तीन अंशांनी घटला. भर दुपारी दोन वाजता कार्डाने ६८ हा आकडा दाखविला, आणि पंख्यांचा आवाज इतका खाली आला की आजीला झोप लागली.

चित्रफीत ठरल्या दिवशी सकाळी गेली. वही मात्र मेजाच्या खणातच राहिली. पुढच्या वर्षी होळी झाल्यावर मुलाने पुन्हा तेच काम अर्धा तास चालवून पाहिले. फरक ३३ वरून ३९ झालेला होता. संगणक अजून कोठेही अडत नव्हता. तरीही त्याने पिन काढली आणि ब्रश शोधावयास तो माडीवर गेला.