पटापलीकडचा सोबती

मुलांनो, समजा, पावसाळ्यातील रविवारची दुपार आहे. तुम्हाला बुद्धिबळ, म्हणजेच शतरंज, खेळावेसे वाटते. पट आहे, सोंगट्या आहेत. पण समोर बसायला कोणी नाही. पट एकट्याने मांडता येतो; डाव मात्र दोघांशिवाय रंगत नाही.

‘गो’ या खेळाच्या चाहत्यांची अनेक वर्षे हीच अडचण होती. हा खेळ दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी चीनमध्ये जन्मला. तेथे त्याला ‘वेइची’ म्हणतात. कोरियात तो ‘बादुक’ आणि जपानात ‘गो’ या नावाने ओळखला जातो. या देशांत जोडीदार सहज मिळे. युरोप-अमेरिकेतील एखाद्या लहान गावात मात्र तो मिळणे कठीण होते.

गोच्या पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेषा असतात. या रेषा एकमेकींना ३६१ ठिकाणी छेदतात. सोंगट्या चौकोनात नव्हे, तर या छेदनबिंदूंवर ठेवतात. एका खेळाडूच्या सोंगट्या काळ्या, तर दुसऱ्याच्या पांढऱ्या असतात. ठेवलेली सोंगटी पुढे सरकवत नाहीत. शत्रूच्या सोंगट्यांना असे घेरायचे, की त्यांना लागून एकही मोकळा बिंदू उरू नये. मग त्या पटावरून उचलल्या जातात. शेवटी ज्याच्या ताब्यात जास्त जागा, तो जिंकतो.

१९९२ साली ‘इंटरनेट गो सर्व्हर’ सुरू झाला आणि जोडीदाराची अडचण बरीच दूर झाली. सर्व्हर म्हणजे अनेक संगणकांना एकमेकांशी जोडून देणारा मधला संगणक. तुम्ही चाल केली, की ती आधी सर्व्हरकडे जाते. तो ती नियमात बसते का ते पाहतो आणि क्षणात दुसऱ्या खेळाडूच्या पडद्यावर दाखवतो. पुढे ‘केजीएस’, ‘ड्रॅगन गो सर्व्हर’, ‘ऑनलाइन गो सर्व्हर’ असे आणखी सर्व्हर निघाले.

खेळाडू वाढले, तशा त्यांच्या मागण्याही वाढल्या. कोणाला लाकडी पटासारखे चित्र हवे होते, कोणाला सोंगटी ठेवल्याचा ‘टक्’ असा आवाज. अशा मागण्या पुऱ्या करणे सोपे असते. त्यांनी कोणाचे नुकसान होत नाही. पण काही मागण्यांत एकाची सोय ही दुसऱ्याची गैरसोय असते. तेथे खरा विचार करावा लागतो.

एक उदाहरण पाहा. खेळताना बोट चुकून सरकले आणि सोंगटी भलत्याच बिंदूवर बसली. ‘चाल परत घेण्याची सोय द्या,’ असे एक खेळाडू म्हणतो. दुसरा म्हणतो, ‘मग प्रत्येक जण चूक कळताच चाल परत घेईल! डावाला अर्थ काय उरेल?’ दोघांचेही म्हणणे खरे आहे. बोट चुकले की बुद्धी चुकली, हे यंत्राला कळत नाही. म्हणून अनेक सर्व्हरांवर एक मधला मार्ग काढला गेला. चाल परत घेण्याची फक्त विनंती करता येते. ती मान्य करायची की नाही, हे समोरच्या खेळाडूने ठरवायचे. म्हणजे यंत्राने निर्णय माणसाच्या भलेपणावर सोपवला.

वेळेचेही तसेच आहे. भारतात दुपारचे बारा वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये भर रात्र असते. ड्रॅगन गो सर्व्हरवर डाव कित्येक दिवस, कित्येक आठवडे चालतो. तेथे खेळाडूला आपल्या झोपेचे तास ठरवून ठेवता येतात. तेवढा वेळ त्याचे घड्याळ थांबते. दूरच्या जोडीदाराची झोप मोडू नये, एवढी काळजी या सोयीमागे आहे.

कधी कधी खेळाडू डाव अर्धवट सोडून नाहीसा होतो. त्याच्या घरची वीज गेली असेल, किंवा हार दिसताच त्याने पळ काढला असेल. म्हणून काही सर्व्हरांवर त्याला लगेच हरवत नाहीत. थोडी वाट पाहतात. वारंवार पळणाऱ्याची मात्र तक्रार करता येते. ऑनलाइन गो सर्व्हरवर अशा तक्रारी तपासण्याच्या कामात स्वयंसेवक खेळाडूही भाग घेतात. कोणी पडद्यावरील मजकुराचे आपल्या भाषेत भाषांतर करतो. कोणी नवशिक्याचा डाव पाहून त्याच्या चुका प्रेमाने समजावतो. ही कामे करणारे बहुतेक जण त्यासाठी पैसे घेत नाहीत.

मार्च २०१६ मध्ये सेऊल शहरात ‘अल्फागो’ नावाच्या संगणक-कार्यक्रमाने ली सेडोल या श्रेष्ठ खेळाडूला ४-१ असे हरवले. आता असे बलवान कार्यक्रम घरच्या संगणकावरही चालतात. त्यांना विचारून चाल करणारा खेळाडू डाव जिंकेलही. पण तो डाव त्याचा नसेल. सर्व्हर तपास करू शकतो, पण प्रत्येकाच्या खोलीत डोकावू शकत नाही. तेथे राखण असते ती ज्याच्या त्याच्या इमानाची.

मुलांनो, सोयी यंत्र देते. सौजन्य माणसाला द्यावे लागते. तुम्ही कधी अशा सर्व्हरवर खेळलात, तर डावाच्या आरंभी नमस्कार करा आणि शेवटी आभार माना. एखादी नवी सोय मागावीशी वाटली, तर आधी स्वतःला विचारा, ‘पटापलीकडे बसलेल्या माझ्या सोबत्याला ती कशी वाटेल?’ तो तुम्हाला दिसत नाही; पण तो आहे, आणि तुमच्या चालीची वाट पाहत आहे.

शब्दार्थ
छेदणे – आडवे कापून जाणे
भलेपणा – चांगुलपणा
स्वयंसेवक – स्वतःहून, मोबदला न घेता काम करणारा
सौजन्य – सभ्य व प्रेमळ वागणूक
इमान – प्रामाणिकपणा

स्वाध्याय
१. चाल परत घेण्याबाबत कोणता मधला मार्ग काढला गेला? का?
२. झोपेच्या तासांत घड्याळ थांबवण्याची सोय कोणाच्या उपयोगाची आहे?
३. ‘सोयी यंत्र देते, सौजन्य माणसाला द्यावे लागते.’ हे वाक्य तुमच्या शाळेतील एखाद्या खेळाचे उदाहरण देऊन स्पष्ट करा.