एकच गणित, दोन उत्तरे

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे. हा लेख शके ११२८चा, म्हणजे इ. स. १२०७चा. या भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात एक प्रश्न येतो : कोणत्या संख्येच्या वर्गास ६१ने गुणून त्यात १ मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्ग मिळेल? चक्रवाल रीतीने येणारे लहानात लहान उत्तर २२,६१,५३,९८० हे असून मिळणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा असतो.

हा वर्ग संगणकाकडून काढून घेताना मात्र विचित्र अनुभव येत असे. ‘नम्पाय’ ही पायथन भाषेतील गणिती आज्ञावली मुक्तस्रोत आहे. तिचा मूळ मजकूर कोणासही वाचता व सुधारता येतो. आज्ञा तीच, संख्या तीच. तरीही लिनक्सवर चालणारा संगणक ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१ हे अचूक उत्तर देई, तर विंडोजवर चालणारा १०,३५,५१,९५३ असे सांगे, तेही कोणतीही सूचना न देता! अधिक फसवी गोष्ट अशी की, विंडोजवर समीकरणाचा ताळाही जुळे. कारण दोन्ही बाजूंचा वाढीव भाग सारखाच गळून पडे. ताळा जुळला की हिशेब बरोबर, हा कचेरीतील नेहमीचा समज येथे उपयोगी पडत नाही.

अशा वेळी दोन्ही यंत्रांवर लहान संख्या तपासाव्या लागतात. एक संख्या उत्तर जुळणारी व एक न जुळणारी घेऊन त्यांतील अंतर दर खेपेस निम्मे करीत गेल्यास, एक लाखापर्यंतच्या संख्यांत सतरा फेऱ्यांच्या आत दोषाची जागा सापडते. ४६,३४०चा वर्ग बरोबर येतो. ४६,३४१चा चक्क उणे येतो. या दोहोंमध्येच २,१४,७४,८३,६४७ ही ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ओलांडली जाते. रक्कम पैशांत मांडली, तर ही मर्यादा सव्वादोन कोटी रुपयांच्याही आत येते, हे जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक पाहणाऱ्यांच्या ध्यानी येईल.

दोषाचे मूळ यंत्रात नव्हते. नम्पायचा गाभा सी भाषेत लिहिलेला आहे. त्या भाषेतील ‘लाँग’ नावाच्या पूर्णांकास ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४ बिटांची जागा मिळते, पण ६४ बिटांच्याच विंडोजवर ३२ बिटांची. पूर्णांकाची रुंदी सांगितली नसेल, तर नम्पाय हाच ‘लाँग’ घेत असे. त्यामुळे ‘६४ बिट’ असे स्पष्ट लिहिताच दोन्हीकडे एकच उत्तर येई. पायथनच्या स्वतःच्या पूर्णांकास अशी मर्यादा नसल्याने तेथे ही अडचण मुळातच नव्हती.

इ. स. २०२४मध्ये निघालेल्या नम्पायच्या २.० या आवृत्तीत ६४ बिटांच्या विंडोजवरही ६४ बिटांचा पूर्णांक गृहीत धरण्यात आला. शाळेतील विंडोज संगणकावर त्यापूर्वीची आवृत्ती असल्यास, रुंदी न सांगता मांडलेल्या सारणीत ४६,३४१चा वर्ग आजही उणे २,१४,७४,७९,०१५ असाच येतो.