ऊस वाढतो, मग बाळ का वाढत नाही?

दोस्तांनो, सोलापूर जिल्ह्यातला माढा तालुका म्हटला की काय आठवतं? कुर्डुवाडीचं रेल्वे जंक्शन, भीमेवरचं उजनी धरण आणि दूरवर डोलणारा ऊस! १९८० साली धरण पूर्ण झालं, आणि या दुष्काळी, ज्वारीच्या मुलखात उसाचे मळे उभे राहिले.

दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटतात. बीड आणि आसपासच्या भागातून ऊसतोड मजूर येतात. रानात कोप्या पडतात. भल्या पहाटे आई-बाबा फडात जातात आणि कोपीपाशी उरतं एक तान्हं बाळ. त्याला सांभाळायला आठ-दहा वर्षांची ताई. या बाळाकडे जरा नीट बघा. कुपोषण का होतं, याचा सगळा धडाच इथं सापडेल.

तुम्ही म्हणाल, "कुपोषण म्हणजे उपासमार. त्यात समजायचं काय?" तेवढंच नाही बरं का! बाळाचं पोट इवलंसं. त्याला थोडं थोडं, पण घट्टसर खाणं दिवसातून चार-पाच वेळा लागतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध; मग उष्टावण झालं की वरचं अन्नही हवं. पण आई दिवसभर फडात! मग चहात बुडवलेलं बिस्किट, नाहीतर वरणाचं नुसतं पाणी. पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही.

दुसरा शत्रू पाण्यात लपलेला असतो. पाणी अस्वच्छ, शौचालय नाही, हात धुवायला साबण नाही. मग जुलाब लागतात. जुलाबात खाल्लेलं वाहून जातं, भूक मरते. अशक्त बाळाला पुन्हा आजार लवकर गाठतो. असं हे चक्रच फिरत राहतं. त्यात गाव सुटलं की लस आणि वजनाची तारीखही अनेकदा चुकते.

तिसरं कारण तर बाळ जन्मण्याच्या आधीचं! ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. जोडी लागते म्हणून काही मुलींची लग्नं अठराच्या आतच उरकली जातात. जिचं स्वतःचंच अंग अजून वाढतंय, रक्त कमी आहे, तिचं बाळ अडीच किलोहून कमी वजनाचं होण्याची भीती जास्त. दोन बाळंतपणांत अंतर कमी असलं तरी तोच धोका.

हे फक्त कोप्यांतच घडतं का? छे! २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांपैकी सुमारे ३५ मुलांची उंची वयाच्या मानानं कमी भरली. आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी गरीब वस्त्यांतही हीच कारणं दिसतात. गर्भातले २७० आणि जन्मानंतरचे ७३० असे हजार दिवस फार मोलाचे. तेव्हा मेंदू झपाट्यानं वाढतो. ती वेळ हुकली, तर पुढं भरून काढणं अवघड जातं.

मग उपाय? आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्यातूनच आपली अंगणवाडी आली. तिथं वजन-उंची घेतात, आहार देतात. दंडाचा घेरही मोजतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, की समजावं, धोका मोठा आहे, लगेच दवाखाना गाठायचा.

आणि तुम्ही? तुमच्या घरीही धाकटं भावंडं असेल. त्याला भरवण्याआधी साबणानं हात धुवा. भाकरी घट्ट वरणात कुस्करा, वर चमचाभर तेल किंवा शेंगदाण्याचा बारीक कूट घाला. जमेल तेव्हा उकडलेलं अंडं द्या. पुडक्यातला खाऊ नको. जुलाब लागले तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडं थोडं पाजा. खाणं बंद करू नका, आणि आशाताईंना लगेच कळवा.

आणखी एक करा. यंदा तुमच्या शिवारात कोप्या पडल्या, तर तिथल्या ताईला अंगणवाडीची वाट दाखवा. परगावच्या बाळालाही तिथं आहार आणि लस मिळू शकते, हे कदाचित तिला कुणी सांगितलेलंच नसेल. जमलं तर तिला तुमच्या शाळेचीही वाट दाखवा. कारण तीही अजून वाढतेच आहे!